पासष्ट टक्के पगार, शंभर टक्के घड्याळ

प्रश्न: वाचक बत्तीस वर्षांच्या आहेत. पुण्यातून राज्यशास्त्रात एम.ए. आणि नेट. गेली चार वर्षं जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएचडी करताहेत. पहिलं वर्ष शिष्यवृत्तीवर गेलं, पुढची तीन ६५ टक्के पदावर. विषय आहे पश्चिम महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने आणि पक्षनिष्ठा. दर सत्रात एक सेमिनार इंग्रजीतून शिकवतात, जर्मन जेमतेम ए-२ पातळीचं, म्हणजे जुजबी. करार संपायला चौदा महिने उरलेत. मार्गदर्शकांनी त्यानंतर एका प्रकल्पात दोन वर्षांच्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-पदाचं सुचवलंय. नवरा पुण्यात. घरचे दर फोनला विचारतात, ‘कायम कधी होणार?’ काकांचं म्हणणं, ‘नेट झालंय ना, इकडे ये आणि एखाद्या अनुदानित कॉलेजात चिकट.’ त्यांना दोन गोष्टी विचारायच्यात. युरोपात राहावं की परतावं? आणि भारतावर काम करणाऱ्याला तिथला राज्यशास्त्र विभाग कधी कायम करतो का?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘युरोप’ हा शब्द सात वेळा आलाय आणि जर्मनी सोडून दुसऱ्या देशाचं नाव एकदाही नाही. तिथूनच सुरुवात करू. विद्यापीठातल्या नोकरीपुरता युरोप हा एक देश धरून चालत नाही. जर्मनीत पीएचडी आणि प्रोफेसरपद यांच्यामध्ये कायम पदं अगदी थोडी. पंचेचाळिशीच्या आतल्या, प्रोफेसर नसलेल्या संशोधकांपैकी दहातले नऊ मुदतीच्या करारावर असतात. नेदरलँड्समधला ‘युनिव्हर्सिटेअर डोसेंट’, स्वीडन-डेन्मार्कमधला ‘लेक्टर’, ब्रिटनमधला लेक्चरर ही पदं आपल्या सहायक किंवा सहयोगी प्राध्यापकाच्या जवळची. ती पस्तिशी-चाळिशीत मिळू शकतात आणि बहुधा परीक्षाकाळानंतर कायम होतात. फ्रान्समध्ये आधी राष्ट्रीय पातळीवरची पात्रता लागते, मग स्थानिक स्पर्धा. तिथली भाषा येत नसेल तर त्याचा विचारही करू नका, म्हणून मीही तो इथेच सोडतो.

आता तुमचं घड्याळ. जर्मनीतला विद्यापीठांच्या मुदत-करारांचा कायदा २००७ चा आहे. त्याचं मूळ नाव इतकं लांब की जर्मन लोकही आद्याक्षरांवर भागवतात. तो सांगतो: पीएचडीआधी सहा वर्षं, पीएचडीनंतर सहा वर्षं, आणि तोवर कायम पद मिळालं नाही तर या तरतुदीखाली नवा करार नाही. हे सगळं किती छान आहे हे सांगायला सरकारने ‘हाना’ नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा व्हिडिओ काढला होता; २०२१ मध्ये तो सगळीकडे फिरला, तेव्हा हजारो खऱ्या हाना चिडून बोलायला लागल्या. २०२४ मध्ये सुधारणेचं विधेयक संसदेत पोचलं, पण नोव्हेंबरात आघाडी फुटली आणि ते तिथेच राहिलं. पुन्हा केव्हाही येईल. करारावर सही करण्याआधी त्या दिवशीचा नियम तपासा.

या कायद्यात तीन खोचा आहेत, आणि भारतातून आलेले विद्यार्थी नेमके तिथेच अडकतात.

पहिली: आठवड्याच्या पूर्ण कामाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त तासांचा कुठलाही मुदतीचा करार पूर्ण वेळ मोजला जातो. तुमचं पद ६५ टक्के, पगार ६५ टक्के, घड्याळ मात्र शंभर टक्के. २०२५ साली ई-१३ या तुमच्या वेतनश्रेणीच्या पहिल्या पायरीला पूर्ण पदाचा ढोबळ पगार महिना सुमारे ४,६०० युरो होता, म्हणजे ६५ टक्क्यांना तीन हजारांच्या आसपास. कर आणि विमे कापून हाती किती येतात ते तुम्हीच जाणता.

दुसरी: पीएचडी सहा वर्षांच्या आत झाली तर उरलेला काळ पुढच्या सहा वर्षांत जमा होतो. पण हिशेबात शिष्यवृत्तीचं वर्षही धरतात, कारण पगार नसला तरी तो पीएचडीचाच काळ. तुमचं एक वर्ष, तीन वर्षं आणि उरलेले चौदा महिने मिळून पाच वर्षं दोन महिने होतात. करार संपेपर्यंत मौखिक परीक्षा झाली तर दहा महिने पुढे जमा. प्रबंध रेंगाळला तर करार नसतानाही ते दहा महिने एकेक करून गळतात. प्रबंध दिल्यावर दोन परीक्षकांचे अहवाल यायला तीन ते पाच महिने सहज जातात. म्हणून चौदापैकी नवव्या महिन्यात प्रबंध कार्यालयात पोचलेला हवा. डिसेंबर अखेर आणि ऑगस्ट यांत परीक्षकांकडून काही होईल अशी आशा ठेवू नका.

तिसरी खोच मार्गदर्शकांच्या देकारात आहे. ते पद कोणत्या पैशातून आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विभागाच्या स्वतःच्या पदावर असाल आणि मूल झालं, तर बालसंगोपन रजेइतका करार तुमच्या संमतीने पुढे सरकतो. करारच बाहेरच्या निधीच्या आधारावर बांधलेला असेल तर तो हक्क नाही, प्रकल्प संपला की करार संपला. प्रत्येक मुलामागे एकूण मर्यादा दोन वर्षांनी वाढते हे खरं, पण मर्यादा वाढणं आणि करार वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या. वय आणि नवऱ्यापासूनचं अंतर तुम्हीच पत्रात मांडलंय, म्हणून हे स्पष्ट लिहितो. मार्गदर्शकांना तीन गोष्टी विचारा: पद विभागाचं की निधीचं? पूर्ण की पासष्ट टक्के? आणि आठवड्यातला किती वेळ माझ्या स्वतःच्या लेखनाला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ आलं तर ती दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रकल्पाचा डेटा साफ करण्यात जातील.

‘भारतावर काम करते म्हणून कोण घेणार?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: विभाग देश बघून माणूस घेतो. दक्षिण आशियासाठी राखलेली राज्यशास्त्राची पदं थोडी आहेत. हायडेलबर्गच्या १९६२ पासूनच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये असा विभाग आहे. पण अशी जागा कधी निघेल याची वाट बघत बसणं म्हणजे वार्षिक योजना नव्हे. बाकी पदं राज्यशास्त्राच्या पोटविभागांनुसार निघतात: राजकीय सिद्धांत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, त्या त्या देशाची राज्यव्यवस्था. तुम्ही तुलनात्मक राजकारणाच्या उमेदवार आहात आणि महाराष्ट्र हा तुमचा पुरावा आहे. अर्जात हा क्रम उलटा पडला की समितीतला सांख्यिकीवाला पहिल्याच पानावर थांबतो.

गंमत म्हणजे तुमच्या विषयातच एक जर्मन धागा आहे आणि तुम्ही तो ओढलेला दिसत नाही. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९० च्या दशकात युरोपातल्या ग्रामीण पतपुरवठ्याचा अभ्यास केला. त्यांच्या अहवालाचं सार दोन शब्दांत सांगितलं जातं, ‘रायफायझेन शोधा’. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे व्हेस्टरवाल्डमधल्या खेड्यांचे नगराध्यक्ष आणि शेतकरी पतसंस्थांचे जनक. त्या वाटेने १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला, आणि पुढे १९५० साली लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराचा कारखाना उभा राहिला. तिकडे डेन्मार्कमध्ये १८८२ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी डेअऱ्या आणि शेतकऱ्यांचाच पक्ष वेन्स्त्र. ‘पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने’ असं न लिहिता ‘उत्पादकांच्या संस्था पक्षनिष्ठा कशी घडवतात आणि ती केव्हा मोडते’ असं लिहा. आतलं एकही प्रकरण बदलावं लागणार नाही. एक लेख मात्र डेन्मार्क किंवा जर्मनीशी तुलना करणारा हवा, आणि तो प्रबंधाबाहेर, स्वतंत्र नियतकालिकासाठी. भारतात सगळे वाचतात अशा साप्ताहिकातला लेख युरोपातल्या समितीत फारसं वजन टाकत नाही. अन्याय आहे, पण आहे.

शिकवण्याचंही तसंच. जर्मन सेमिनार म्हणजे आठवड्याला ९० मिनिटं, सत्रात चौदा-पंधरा बैठका. तुमच्या सेमिनारचं नाव ‘भारतीय राजकारण’ आहे, आणि वीस जागांपैकी अकरा भरल्या याचं तुम्हाला वाईट वाटतंय. नाव ‘आमदार कोणाचा? पक्ष, प्रतिनिधी आणि पक्षांतर’ असं ठेवून बघा. त्यातली एक बैठक अशी: विद्यार्थ्यांच्या हाती दोनच मजकूर द्यायचे, जर्मन मूलभूत कायद्याचं ३८ वं कलम आणि भारतीय संविधानाची १९८५ ची दहावी अनुसूची. पहिल्यात प्रतिनिधी फक्त स्वतःच्या सद्सद्विवेकाला बांधील. दुसरीत पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. वीस मिनिटं जोडीने वाचन. मग फक्त दहा मिनिटं तुम्ही बोला: २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट काढून टाकली, दोन तृतीयांशांचं विलीनीकरण ठेवलं. आणि मग २०२२ चा महाराष्ट्र. शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार बाहेर पडले. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश चुकीचा ठरवला, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला असल्याने त्यांना परत बसवता येणार नाही, असंही सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या कोणालाच अपात्र केलं नाही. इथे थांबा आणि विचारा, कोणता मजकूर पक्ष जास्त नीट सांभाळतो? पुढचा अर्धा-पाऊण तास खोली गप्प बसत नाही.

अशा बैठकीत चुकतं कुठे? पार्श्वभूमी सांगण्यात. भारताची पक्षव्यवस्था समजावता समजावता पन्नास मिनिटं जातात आणि चर्चेला दहा उरतात. पार्श्वभूमी दोन पानांत लिहून आठवडाभर आधी टाका. दुसरी चूक ‘रेफेराट’ची. जर्मन विद्यार्थ्यांना सादरीकरणाची सवय, म्हणून शिक्षकही दर बैठक एका विद्यार्थ्याच्या चाळीस स्लाइडना देऊन टाकतो. सादरीकरण दहा मिनिटं, वर एक प्रश्न, बस्स. आणि ‘हाउसआर्बाइट’, म्हणजे सत्रअखेरच्या पंधरा पानी निबंधाचा विषय सहाव्या बैठकीपर्यंत लेखी मंजूर करून घ्या, नाहीतर सप्टेंबरअखेरीस सगळेच्या सगळे ‘भारतातील लोकशाही’वर येतील.

हे सगळं जपून ठेवा: अभ्यासक्रमपत्रिका, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन अहवाल, नाव पुसलेल्या दोन निबंधांवरचे तुमचे शेरे. याची थप्पी म्हणजेच अध्यापन-संग्रह, आणि जर्मनीबाहेर त्याला खरी किंमत आहे. स्वीडनमध्ये लेक्टरपदाला बहुधा दहा आठवड्यांचं उच्चशिक्षण-अध्यापनाचं प्रशिक्षण अपेक्षित असतं. नेदरलँड्समध्ये ‘बीकेओ’ हे मूलभूत अध्यापन-पात्रतेचं प्रमाणपत्र. तुमच्या राज्यात विद्यापीठ-अध्यापनाचं प्रमाणपत्र असेलच. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ते २०० तासिकांचं आहे. चौदा महिन्यांत सगळं जमणार नाही, पहिला टप्पा जमेल. बहुतेक ठिकाणी तो स्वतःच्या विद्यापीठातल्यांना फुकट असतो.

अर्ज कसा चालतो हे कळायला स्वीडनसारखी शाळा नाही. तिथे सरकारी कागद सगळ्यांना खुले. लेक्टरपदासाठी बाहेरचे तज्ज्ञ सगळ्या उमेदवारांची तुलना करणारा अहवाल लिहितात आणि तो कोणीही मागून वाचू शकतो. तुमच्या विषयाजवळच्या, नुकत्याच भरलेल्या दोन-तीन पदांचे अहवाल मागवा आणि भाषांतराच्या साधनात घालून वाचा. पहिल्या तिघांकडे काय होतं आणि आठव्याकडे काय नव्हतं, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही. उप्सालातलं स्कुट्टे प्राध्यापकपद १६२२ चं आहे, राज्यशास्त्रातल्या जगातल्या सर्वांत जुन्या पदांपैकी. योटेबोर्गमधली व्ही-डेम संस्था लोकशाही मोजते आणि तिने २०२१ च्या अहवालात भारताला ‘निवडणुकीय एकाधिकारशाही’ म्हटल्यावर दिल्लीत वादळ झालं होतं. भारत जाणणाऱ्या माणसाचं तिथे ऐकून घेतात. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये मात्र २०२४ पासून कपातीचा काळ आहे. जाहिरात दिसली तरी त्या विभागात नोकरकपात सुरू नाही ना, ते आधी बघा.

जर्मनीतलं प्रोफेसरपद लक्ष्य असेल तर भाषा सोडवत नाही. तिथल्या निवड-व्याख्यानाला उमेदवार आपसात ‘फोरझिंगेन’ म्हणतात, म्हणजे परीक्षकांपुढे गाऊन दाखवणं. व्याख्यान इंग्रजीत चालेल, पण नंतर समिती विचारते: परीक्षा मंडळात बसाल का, पहिल्या वर्षाचा वर्ग जर्मनमधून घ्याल का? सी-१, म्हणजे अस्खलिततेच्या जवळची पातळी नसेल तर उत्तर ओढूनताणून द्यावं लागतं. त्यात स्वतःच्याच विद्यापीठात प्रोफेसर म्हणून नेमणूक टाळण्याचा जर्मन दंडक आहे, म्हणजे इथेच चिकटून राहण्याचा हिशेब बसत नाही. ‘हाबिलिटात्सिओन’, म्हणजे दुसऱ्या प्रबंधासारखी पात्रता, ही सामाजिक शास्त्रांत हळूहळू सुटत चाललीय. युनिअर-प्रोफेसरपद, म्हणजे मुदतीचं कनिष्ठ प्रोफेसरपद, किंवा चांगले लेख आणि स्वतः आणलेला निधी तिची जागा घेतात. ती करायचीच असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो मान टिकवायला पुढे नियमितपणे, बहुधा फुकट शिकवावं लागतं. आणि ‘लेअरआउफ्त्राग’ची ऑफर आली तर ओळखा, ते आपलं तासिका तत्त्वच. तास मोजून थोडके पैसे, ना पेन्शन ना आजारपणाची रजा. एकदा अनुभवासाठी ठीक.

काकांशी माझं अर्धं जमतं. परत येणं म्हणजे हरणं असा सूर तुमच्या पत्रात आहे, तो काढून टाका. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये आलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी नेटशिवायही सहायक प्राध्यापकपदाला चालते. तुमच्याकडे दोन्ही असेल. पण ‘चिकट’ हा शब्द काका ज्या काळातून वापरताहेत तो काळ गेला. अनुदानित कॉलेजांतल्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर भागवल्या जाताहेत. परतायचं तर खासगी विद्यापीठं, आयआयटींचे मानव्यविद्या विभाग, मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) यांच्याही जाहिराती आतापासून बघा. एक अडचण आधीच सोडवा. जर्मनीत प्रबंध प्रसिद्ध झाल्याशिवाय पदवीचा कागद मिळत नाही आणि नावाआधी डॉक्टर लावता येत नाही. प्रकाशकाकडे पुस्तकासाठी दिला तर वर्ष जातं, आणि पुण्यातला कारकून प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकवत नाही. प्रबंध ग्रंथालयाच्या सर्व्हरवर टाका किंवा विद्याशाखेकडून तात्पुरता दाखला घ्या. समकक्षतेसाठी २०२५ चे यूजीसीचे नवे नियम आहेत, त्यांनुसार अर्ज करा.

युरोपीय संघाचं मारी क्युरी पोस्टडॉक अनेकांना माहीत असतं, त्यातला देश बदलण्याचा नियम मात्र माहीत नसतो. अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, त्या देशातल्या विद्यापीठात ते नेता येत नाही. आज तुम्हाला जर्मनी बंद, पण ओर्हुस, लायडन, व्हिएन्ना उघडं. दोन वर्षं पुण्यात काढलीत तर जर्मनीही पुन्हा उघडतं. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. तेव्हा राहणं आणि परतणं यांतून आजच एक कायमचं निवडायचं, ही घाई तुमच्यावर कोणी लादलेली नाही.

मुलाखतींचा डेटाही आताच आवरा. कार्यकर्त्याचं राजकीय मत ही युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाखाली विशेष संवेदनशील माहिती आहे, मग मुलाखत कराडला घेतलेली का असेना. मराठीतलं संमतिपत्र, नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीची तोंडी संमती, आणि फायली विद्यापीठाच्या सर्व्हरवर. फोनमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेल्या मुलाखती आधी उचला. प्रबंधानंतर नियतकालिक डेटा जमा करायला सांगेल तेव्हा संमतीचा कागद शोधत बसायची वेळ येते, आणि चेअरमन साहेब तोवर दुसऱ्या पक्षात गेलेले असतात.

शेवटी तुमच्या रहिवासी कार्डाकडे बघा. त्यावर १६-ब (विद्यार्थ्याचा परवाना) लिहिलंय की १८-ड (संशोधकाचा)? पगारी पद असूनही अनेक पीएचडीवाले विद्यार्थ्याच्या १६-ब वरच वर्षानुवर्षं राहतात. जर्मन विद्यापीठाची पदवी असेल, १८-ड सारख्या पात्र परवान्यावर दोन वर्षं झाली असतील, २४ महिने पेन्शनची वर्गणी भरली असेल आणि बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल, तर कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो. म्हणजे नोकरी कायम नसतानाही राहणं कायम होऊ शकतं. १६-ब चा काळ त्या दोन वर्षांत धरत नाहीत, म्हणून परदेशी नागरिक कार्यालयात परवाना बदलण्याची भेट याच महिन्यात मागा, तारीख मिळायलाच काही आठवडे जातात. करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नाव नोंदवा. उशीर झाला तर बेकारी भत्त्याचा एक आठवडा कापतात. आणि बी-१ चा संध्याकाळचा वर्ग, जो तुम्ही ‘प्रबंध झाल्यावर’ लावणार होतात, तो पुढच्या सत्रापासून.